नानांनी नाक्यावर यायचं ठरवलं

नानांच्या नावाचं सोशल मीडियावरचं खातं मी चालवत होतो, हे आमच्या भागातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्या खात्यावर आलेला एक निरोप मी नानांपासून लपवून ठेवला, हे मात्र आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. नानांना जाऊन आता तीन वर्षं होतील. ते होते तोवर सांगायला रोज सवड होती. पण मी मुळात कमी बोलणारा माणूस. गप्प बसणं मला कधी जड गेलं नाही. हे एक सोडून.

नाना म्हणजे दामोदर राऊत, वसईतल्या गास गावचे. घरची केळीची वाडी, वाडीच्या अंगाला पानवेलीचा छोटा मळा, आणि लिहिण्याचा नाद. मी मूळचा साताऱ्याकडचा. औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवरची लेबलं तपासणं ही माझी नोकरी. नालासोपाऱ्याला पश्चिमेला फ्लॅट घेतला तेव्हा रविवारी सायकल काढून गासकडे जायची सवय लागली, आणि केळी नानांच्या वाडीतूनच घ्यायला लागलो. एकदा त्यांनी फणी ज्या कागदात गुंडाळून दिली, त्यावर शाईनं लिहिलेलं होतं. बारीक, तिरपं, सुबक अक्षर. मी तिथंच उभा राहून वाचायला लागलो.

"ते वाचू नकोस," नाना म्हणाले. "रद्द केलंय."

"चांगलं आहे की."

"चांगलं आहे म्हणूनच केळ्यांना दिलं. वाईट असतं तर बंबात घातलं असतं. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला नाही आवडलं. विषय संपला."

नानांची लिहायची रीतच तशी होती. त्यांची पाच पुस्तकं, सगळी इथल्याच माणसांवर. विहिरी खणणारा, होड्या रंगवणारा, लग्नात गाणारी म्हातारी. पण ज्याच्यावर लिहिलं त्याच्या ओट्यावर जाऊन, त्याला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवल्याशिवाय छापायला द्यायचं नाही. त्यानं मान हलवली तर छापायचं. नाही हलवली तर तो भाग जायचा, कधीकधी सगळंच जायचं. पुस्तकं पातळ होती त्याचं कारण हेच.

मी त्यांचं लेखन टाईप करून द्यायला लागलो तेव्हा एकदा त्यांच्याबरोबर जवळच्या समुद्राकाठच्या कळंबला गेलो होतो. तिथल्या एका कोळी मावशींवर त्यांनी चौदा पानं लिहिली होती. मावशी सुकत घातलेले बोंबील उलटत होत्या आणि नाना शेजारी पाटावर बसून वाचत होते. मावशींचे हात थांबले नाहीत, मानही वर झाली नाही. वाचून संपल्यावर म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचा राग लिवला. त्याचा हसना कुठं लिवला?"

"हसण्याचं मला कुणी सांगितलं नाही, मावशी."

"मंग नको छापू. अर्धा मानूस कशाला छापतोस?"

"नाव बदलतो."

"नाव बदलून काय व्हनार? होडी तर माझीच हाय."

नानांनी चौदा पानांची घडी करून खिशात घातली. परत येताना मला वाटलं, ते खट्टू असतील. पण वाटेत थांबून त्यांनी शहाळं घेतलं, अर्धं मला दिलं आणि म्हणाले, "जाधव, बाई बरोबर बोलली. मला हे स्वतःला दिसायला हवं होतं." पुढे वर्षभर ते मावशींकडे जात राहिले. शेवटी ते प्रकरण छापलं गेलं, एकवीस पानांचं. त्यात नवऱ्याचं हसणं होतं.

बोलण्यात नाना तिरकस, पण आवाज कधी चढायचा नाही. दुपारी तीनला चहा, त्यात साखर नाही, बरोबर सुकेळ्याचा, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्याचा, एक तुकडा. स्वतःच्या लिहिण्याला लेखन म्हणायचे नाहीत, 'उतरवणं' म्हणायचे. पानमळ्यात चप्पल घालून जायची त्यांच्या घरी रीत नव्हती, आणि माझ्या खिशातला मोबाइल वाजला त्या दिवसापासून तोही चपलांशेजारी ओट्यावर ठेवून आत जायचा, असा त्यांनी नियम केला. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी हसायच्या. नवराबायको घरच्या बोलीत काहीतरी बोलायचे. इतकी वर्षं वसईत काढूनही त्यातलं मला निम्मंच कळायचं. पण चेष्टा माझी चाललीय एवढं कळायचं.

सोशल मीडियाला ते नाका म्हणायचे. त्यांच्या प्रकाशकानं दोनदा फोन करून सांगितलं होतं, की लेखकानं हल्ली तिथं असायलाच हवं. नानांनी त्याला विचारलं, "नाक्यावर उभं राहून आपलंच लिहिलेलं आपण ओरडून वाचायचं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं खांद्यावर थाप मारून पुढं जायचं, असंच ना? मला घरी काम आहे." अंगठ्याच्या खुणेचीही ते टिंगल करायचे. पूर्वी सही न येणारा अंगठा उठवायचा, आता पदवीधर उठवतात, म्हणायचे.

मग एका दुपारी बोलता बोलता सहज विषय निघाला. कारखान्यातला माझा जुना साहेब कॅनडाला स्थायिक झाला होता, त्याच्या नातीचा फोटो मी काकूंना दाखवत होतो. नाना चहा पिता पिता थांबले.

"कॅनडातली माणसं असतात यात?"

"सगळीकडची असतात."

"म्हातारी?"

"म्हातारी स्वतः नसली तरी त्यांची मुलं असतात."

पुढच्या रविवारी गेलो तर वहीचं एक पान माझ्यापुढे ठेवलं. त्यावर शाईनं लिहिलं होतं, की आपण आजपासून नाक्यावर उभं राहायचं ठरवलं आहे, नाइलाजानं आणि एका कामापुरतं. काम झालं की घरी परत. जो कुणी दोन ओळी लिहील त्याला उत्तर द्यायचं. नुसता अंगठा उठवणाऱ्याला नाही. स्वतःचा हार घातलेला फोटो लावायचा नाही. आणि कुणावरही लिहिलेलं, त्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय तिथं टाकायचं नाही. खाली सही, आणि सहीखाली माझ्या सहीसाठी रेघ आखलेली. मी हसत सही केली.

ते काम म्हणजे इनास.

इनास हे त्यांचं खरं नाव नाही. कळंबच्या मावशींचं म्हणणं विसरलेलो नाही, तरी बदललं आहे. वसईजवळच्या पापडी गावचे, सुतार. नानांचे शाळेपासूनचे मित्र. शाळा म्हणजे इनासच्या बाबतीत दोन वर्षं, तीही बहुतेक बाहेरच्या बाजूनं. दरवाजे, पलंग, चर्चमधली बाकं असं काम त्यांच्या हातचं होतं. पंधराएक वर्षांपूर्वी मुलगा त्यांना कॅनडाला घेऊन गेला. पापडीचं घर विकताना भाऊबंदांत बिनसलं, त्यामुळे इथं कुणाला पत्ता विचारावा तर ते नाव काढू देत नव्हते. जुना फोन नंबर बंद. नाना दोनदा पापडीला जाऊन रिकाम्या हातानं परत आले होते.

नानांनी इनासवर सात पानं लिहिली होती. ती वाचून दाखवायची होती. माणूस पंच्याहत्तरीच्या पुढचा, आपणही त्याच वयाचे, आणि माणूस सापडत नाही. नानांचं काम एवढंच.

खातं उघडलं. पहिले काही रविवार मजेत गेले. मैत्रीची विनंती आली की नाना विचारायचे, "हा कोण? कोणाचा? मला ओळखत नाही तर मैत्री कशी मागतो?" एका अनोळखी मुलीनं त्यांच्या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहिल्या, तर त्यांनी मला दीड पान उत्तर सांगितलं, त्यात तिच्या आजीची चौकशीसुद्धा. विहीर खणणाऱ्याचं प्रकरण आम्ही थोडं थोडं करून टाकलं. लोक भरभरून लिहायला लागले. नाना रविवारी तेवढं ऐकायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "इनासचं काही?"

"नाही अजून."

इथून पुढचं लिहायला मला तीन वर्षं लागली.

त्या शाबासक्या सोमवार ते शनिवार मी एकटा वाचायचो. 'नाना, काय लिहिता तुम्ही', 'डोळ्यांत पाणी आलं', असं लोक लिहायचे, आणि ते माझ्या हातातल्या पडद्यावर यायचं. मी तोवर आयुष्यात एक ओळ लिहिलेली नव्हती. दुसऱ्यांच्या लेबलांवरच्या चुका काढण्यात केस पांढरे झाले. आणि इथं माणसं मला नाना म्हणत होती. दोनचारदा मी त्यांना न विचारता उत्तरंही दिली, त्यांच्यासारखी. जमली. मला ते आवडायला लागलं होतं, हे आज कबूल करतो.

इनासवरची सात पानं नानांनी माझ्याकडे टाईप करायला दिली तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं. "टाईप कर. टाकू नकोस. तो सापडला की फोनवर मी त्याला वाचून दाखवीन. मग तो म्हणेल तसं."

मी टाईप केलं. त्यात होतं, की इनासला वाचता येत नव्हतं. त्याचा मोठा भाऊ आखातात होता, त्याची पत्रं यायची. इनास ती घेऊन थेट गासला पानमळ्यात यायचा. नाना ते पत्र दोनदा वाचायचे. इनास डोळे मिटून ऐकायचा आणि घरी जाऊन आईला नि बायकोला तेच पत्र हातात धरून, एक शब्द न गाळता म्हणून दाखवायचा. पान कुठं उलटायचं तेही त्याच्या लक्षात राहावं म्हणून नाना त्या जागी खाकरायचे. मुलं मोठी झाली, शिकली, पण बापाला वाचता येत नाही हे त्यांना कधी कळलं नाही. कागद पुढं आला की इनास खिसे चाचपायचा आणि म्हणायचा, चष्मा कुठं राहिला कोण जाणे.

ही पहिली साडेतीन पानं. पुढच्या साडेतीनमध्ये नानांनी स्वतःबद्दल लिहिलं होतं. वाचताना कधी ते पत्रात आपल्या पदरचं एखादं वाक्य घालायचे, आईला बरं वाटावं म्हणून. इनास लगेच डोळे उघडायचा. "हे माझा भाऊ नाही बोलला. हे तू बोललास. पुन्हा वाच." एकदाही चुकला नाही. नानांनी लिहिलं होतं, की खरं वाक्य कुठलं आणि घातलेलं कुठलं हे मला त्या कानानं शिकवलं. मी ज्याच्यापाशी लिहायला शिकलो त्याला अक्षर येत नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर, मी त्यातली पहिली साडेतीन पानं नाक्यावर टाकली.

मनाशी कारण तयार होतं. असं वाचलं की कुणीतरी ओळखेल, पुढं पाठवेल, आणि इनास सापडतील. नानांचंच काम होईल. आणि सात पानं कोण वाचतं, म्हणून अर्धीच. हे कारण खोटं नव्हतं. पण त्याच्याखाली दुसरं होतं. इतकं चांगलं काहीतरी माझ्याजवळ पडून होतं, आणि त्याला किती लोक दाद देतील ते मला बघायचं होतं.

दाद खूप मिळाली. आणि चौथ्या दिवशी निरोप आला. तो मी इतक्यांदा वाचला आहे, की इनाससारखा न बघता म्हणू शकेन.

'दामोदरकाका, मी इनास यांचा मुलगा. तुमचा लेख मला वसईच्या एका मित्रानं पाठवला. बाबांना चष्मा सापडत नव्हता म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवत होतो, आणि वाचता वाचता मला कळलं. बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आज सकाळी म्हणाले, दामूला विचार पुढचं कुठं आहे. तो असा अर्ध्यात थांबत नाही. फोन करा. बाबा वाट बघतायत.' खाली नंबर.

त्या क्षणी काय करायला हवं होतं ते एखाद्या पोरालाही कळेल. सायकल काढायची, गासला जायचं, फोन लावून नानांच्या हातात द्यायचा. दहा मिनिटांची वाट. पण फोन लावला की नानांना कळणार, की जाधवनं सही केलेली असून टाकलं. इनासनं नानांच्या तोंडून ऐकायचं होतं ते त्यानं मुलाच्या तोंडून, मुलादेखत ऐकलं. आणि अर्धंच ऐकलं, लाजेचंच अर्धं.

मी तो लेख काढून टाकला. निरोपाला उत्तर दिलं नाही. उद्या सांगू, म्हटलं. रविवारी गेलो तर नानांनी नेहमीसारखं विचारलं, "इनासचं काही?"

"नाही," मी म्हटलं.

पहिलं 'नाही' फार कठीण गेलं. दुसरं त्याहून सोपं. दहाव्याला मला काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

नानांना संशय आला असेल का? मला वाटत नाही. माणसांच्या बारीकसारीक गोष्टी बघणारा तो माणूस, पण त्यांनी माझ्यावर कधी लिहिलं नाही, म्हणून कदाचित कधी नीट बघितलंही नाही. एकदा काकू म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही हल्ली चहा अर्धा ठेवता." नाना म्हणाले, "त्याच्या कारखान्यात टेन्शन असतं गं. एक अक्षर चुकलं तर माणूस मरतो." मी कप उचलून उरलेला चहा संपवला.

त्यानंतर नानांनी एकच पोस्ट स्वतः सांगून टाकायला लावली. दोन ओळींची. 'पापडीच्या इनास सुताराला कुणी ओळखत असेल तर त्याला सांगा, दामू तुझ्यासाठी काहीतरी घेऊन बसला आहे.' मी त्यांच्यासमोर टाईप केली. त्यांच्यासमोर बटण दाबलं. घरी येईपर्यंत काढून टाकली. माझ्या हातून घडलेलं सगळ्यात वाईट ते हेच, पहिलं नव्हे. पहिल्यात निदान मोह होता.

शेवटी शेवटी त्यांना धाप लागायची. डॉक्टरांनी वाडीत हिंडणं बंद करायला सांगितलं होतं, ते ऐकत नसत. डिसेंबरमधल्या एका रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. काकू चर्चच्या बाजूला भाजी घ्यायला गेल्या होत्या. नाना ओट्यावर नव्हते. बावखलाच्या, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या त्यांच्या जुन्या तळ्याच्या काठाला खुर्ची टाकून बसले होते, पाठमोरे. मांडीवर कागद. मोठ्यानं वाचत होते. मला वाटलं, कुणीतरी समोर आहे. कुणी नव्हतं.

इनासवरचीच पानं. फोनवर वाचायची तयारी चालली होती. धाप लागली की थांबायचे, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे, कारण मध्ये तुटलेलं त्यांना चालत नव्हतं. एका ठिकाणी अडले. तेच वाक्य तीनदा वाचलं, तीन तऱ्हांनी. मग मान हलवली, "नाही, हे तो नाही ऐकून घ्यायचा," असं पाण्याकडं बघून म्हणाले, आणि खिशातली पेन्सिल काढून ते वाक्य खोडलं. पुढचं वाचायला लागले.

मी केळीच्या आड उभा होतो. जाऊन सांगायला वीस पावलं होती. मी सायकल फिरवली आणि घरी आलो. त्यानंतर नाना मला दिसले ते दवाखान्यात, आणि तेव्हा ते बोलत नव्हते.

ते गेल्याची बातमी खात्यावर मीच दिली. दोन दिवसांनी इनासच्या मुलाचा दुसरा निरोप आला. 'बाबांना सांगितलं. म्हणाले, दामूनं फोन नाही केला, रागावला असेल. मी विचारलं, कशाबद्दल, तर सांगत नाहीत.'

या निरोपालाही मी उत्तर दिलेलं नाही.

काकूंनी मागच्या महिन्यात कपाट आवरताना ती सात पानं मला आणून दिली, पेन्सिलीच्या खुणांसकट. म्हणाल्या, "तुमच्याकडेच असू द्यात, तुम्हीच त्यांचं सगळं केलंत." मी घेतली. त्यांनाही काही बोललो नाही. हे छापून येईल तेव्हा त्या वाचतील, आणि मला काय म्हणायचं ते म्हणतील. नानांच्या रीतीनं बघितलं तर हे छापायचा मला हक्क नाही, कारण ज्यांचं आहे त्या इनासकाकांना मी हे वाचून दाखवलेलं नाही. त्यांच्या मुलासमोर ते उघडं पडलं तेही माझ्याच हातून.

इनासकाका अजून आहेत. मुलाच्या खात्यावर त्यांचा फोटो असतो अधूनमधून. बर्फात, कानटोपी घालून. पायांनी अधू झालेत, ऐकायला नीट येतं, असं त्यानं एका फोटोखाली लिहिलं आहे. नंबर तोच आहे. नाना रागावले नव्हते, मध्ये कापलं ते मी, एवढं मला त्यांना सांगायचं आहे. आणि मग उरलेली साडेतीन पानं, खोडलेलं वाक्य सोडून, मोठ्यानं वाचून दाखवायची आहेत.

ती अजून वाचून दाखवलेली नाहीत.